नाव चुकलं की शून्य

आकांक्षा धुरीला दोन शून्यं मिळून चुकली होती, आणि अजून दिवाळीसुद्धा झाली नव्हती.

शून्य म्हणजे शून्यच, बरं का. दोन-चार मार्क कापले, जवळ बसवून समजावलं, असले लाड नाहीत. माटुंग्याच्या तिच्या कॉलेजात मास मीडियाच्या पहिल्या वर्षाला 'माध्यमलेखन' नावाचा पेपर होता आणि तो शिकवायला सॅम्युअल मिस्किटा नावाचे गृहस्थ होते. मूळचे गिरगावातले, मराठी आपल्यापेक्षा चोख. एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर सवय सुटेना म्हणून बहुतेक शिकवायला आले. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक ओळ लिहिली: नाव चुकलं की शून्य. लेख वाचून दगडाला पाझर फुटला तरी चालेल, त्यात एका माणसाचं नाव चुकलं तर अख्ख्या लेखाला शून्य. अशी तीन झाली की पेपर नापास, आणि ह्या पेपरात नापास झालेल्याला दुसऱ्या वर्षी पत्रकारितेला जागा नाही. आकांक्षाला तर पत्रकारच व्हायचं होतं. आठवीपासून तिचं ते ठरलेलं.

पहिलं शून्य तिनं निमूट घेतलं. बाजारातल्या मासेवाल्या थेरेसाबाईंचं तिनं 'तेरेसा' केलं होतं, म्हणजे चूक तिचीच. दुसऱ्या शून्यानं मात्र तिचा जीव जळला. परळला बालवाडी चालवणाऱ्या एका बाईंवर तिनं लिहिलं होतं. त्या आपलं नाव 'प्रिती' असं लिहीत, पहिली वेलांटी देऊन. आकांक्षाला दहावीला मराठीत ब्याण्णव. तिनं ते शुद्ध करून 'प्रीती' केलं.

"पण सर, शब्द प्रीतीच आहे! शब्दकोशात बघा!"

"बाई शब्दकोशात राहतात का?" सर म्हणाले. "त्या स्वतः लिहितात ते त्यांचं नाव. तू कोण शुद्ध करणारी?"

वर्ग हसला. आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी आलं म्हणून तिला आणखीच राग आला.

बरं, सरांना हे सगळं कळायचं कसं? तर ते फोन करायचे. प्रत्येक लेखाखाली, ज्यांच्याशी बोललात त्यांचे नंबर द्यायचे आणि सर वाटेल तेव्हा, वाटेल त्याला फोन लावणार. वर्गातल्या, गिरगावातून येणाऱ्या जोॲनानं आपल्या आजोबांवर, नानांवर लिहिलं, तर सरांनी नानांना फोन करून त्यांच्या शाळेचं नाव, लग्नाची तारीख आणि नावातला 'ॲ' कसा लिहिता, हे सगळं विचारलं. नानांना वाटलं, बँकेच्या नावानं फोन करून लुबाडणारा कोणी चोर आहे. त्यांनी सरांना अस्सल शिव्या हासडल्या. सर म्हणे शांतपणे म्हणाले, "शिव्यांचं स्पेलिंग नको, नावाचं सांगा."

ह्या माणसाच्या नादी लागून अख्खा वर्ग संशयी झाला होता. कँटीनवाल्यानं समोसा ताजा आहे म्हटलं की पोरं विचारायची, कशावरून? जोॲनानं सख्ख्या बापाकडे जन्माचा दाखला मागितला. आकांक्षाचं तर असं झालं होतं की चाळीत कोणी नुसतं 'जेवलीस का?' विचारलं तरी तिला वाटायचं, ही हे का विचारतेय?

अशात तिसरा लेख आला: घरातल्या एका माणसाची ओळख, पाचशे शब्द. प्रत्येक तारखेला कागदाचा पुरावा.

आकांक्षानं सुटकेचा निःश्वास टाकला. घरात माणसं दोनच. बाबांना जाऊन चार वर्षं झालेली, उरली ती आणि आई. आईवर लिहायचं. बाकी काहीही चुकेल, पण आईचं नाव काय डोंबल चुकणार? शेवंती दत्ताराम धुरी. रेशनकार्डावर तेच, आधारकार्डावर तेच, खुद्द आकांक्षाच्या जन्माच्या दाखल्यावर तेच.

आई लालबागच्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. सकाळी सहाला जायची, चारला यायची. आल्यावर पाय पसरून बसली की तेवढा अर्धा तास तिचा. आकांक्षा वही घेऊन समोर बसली तशी आईनं पाय जवळ घेतले.

"माझ्यार कित्याक लिवतंस? मी काय केलंय?" आई वीस वर्षं मुंबईत होती, पण घरात तिची बोली कुडाळची ती कुडाळचीच.

"काही केलं नाहीस गं. अभ्यास आहे."

"ता वाचतला कोण?"

"सर."

"आणि मगे?"

"मग काय, मार्क देतील. तुला फोन करतील कदाचित. नाव वगैरे विचारायला."

"माझा नाव तेंका कित्याक व्हया?" आईनं असं विचारलं की दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, बाईमाणूस, लाजते. पण आकांक्षाचे तीन महिने सॅम्युअल सरांच्या हाताखाली गेले होते. तिनं मनातल्या मनात खूण करून ठेवली.

तरीही आई बोलली. गावाबद्दल विचारलं की तिला राहवत नसे. दहावीच्या परीक्षेच्या आधी गावावरून नवी नवी रेल्वे जायला लागली, पोरी शाळा सोडून रुळापर्यंत बघायला धावल्या, आणि ती एकटी वर्गात भूमिती सोडवत बसली. हे सांगताना तिचा चेहरा उजळला. वर्गातल्या पोरींत तीच एक पास झाली. बासष्ट टक्के.

आकांक्षानं ते सगळं झकास लिहिलं. जन्मसाल आधारकार्डावरून घेतलं, एकोणीसशे अडुसष्ट, आणि लेख देऊन टाकला.

चार दिवसांनी लेख परत आला. शून्य नव्हतं. समासात लाल शाईत नुसत्या दोन ओळी होत्या. 'कोकण रेल्वे धावू लागली तेव्हा ह्या बाई तिशीच्या होत्या. तिशीत दहावी? कागद खोटा की बाई? आठवडाभरात दुरुस्त करून आण.'

 आकांक्षानं बोटांवर हिशेब केला, परत केला, मोबाइलवर केला. सर बरोबर होते. अडुसष्टचा जन्म धरला तर आई आता सत्तावन्नची. चाळीत नव्यानं राहायला आलेल्या बायका म्हणायच्या, 'शेवंतीवैनी, तुम्ही सत्तावन्नच्या वाटत नाय हां!' आणि आई पदर सारखा करत हसायची. अगं बाई, वाटत नाहीत कारण नाहीतच!

अठरा वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवलो तिचं वय खोटं असावं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसावा, ह्याची आकांक्षाला लाज वाटली. भीतीही वाटली. एक गोष्ट खोटी निघाली की दुसरीचं काय?

ती आधी दौलतकाकांकडे गेली. दौलतकाका खालच्या मजल्यावर राहायचे. बाबांचे गिरणीतले जोडीदार. गिरणी कामगारांच्या घरांच्या यादीत कोणाचं नाव लागलं, कोणाचे कागद अडकले, ह्याची सगळी माहिती त्यांच्याकडे. बाबांच्या नावानं केलेल्या अर्जाचे कागदही आता आईच्या नावानं तपासायला गेले होते, तेही काकाच बघत होते.

"काका, बाबांचं लग्न कोणत्या साली झालं?"

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. "कोण इचारता?"

"मीच विचारतेय."

"तू नाय. तुका कोणी इचारूक लावल्यान?"

"आमच्या सरांनी लेख..."

"नाव काय तेचा? ऱ्हवता खंय? तपासणीवालो तर नाय मा?" काका खुर्चीतून अर्धे उठले. "बाय, कागद तपासणीक गेलेत. अशा टायमाक लोक कुठून कुठून काय काय इचारतत. तू कोणाक काय्येक सांगू नको. लग्न बिग्न तुझ्या आयेक इचार."

बघा, एवढंच म्हणाले असते की 'अमक्या साली झालं', तर पोरगी गप्प घरी गेली असती. पण नाही! त्यांनी घाबरून असं काही तोंड केलं की आकांक्षाची खात्रीच पटली. काहीतरी आहे, सगळ्यांना माहीत आहे आणि फक्त मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेज बुडवलं. आई कामावर गेल्यावर तिनं पलंगाखालून आईची पत्र्याची पेटी ओढली. कुलूप नव्हतं, आजवर गरजच पडली नव्हती. वर दोन साड्या, मग बाबांचा गिरणीचा पास, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. दहावीचं प्रमाणपत्र. बासष्ट टक्के बरोबर होते. साल रेल्वे आली तेच होतं. नाव होतं: दुर्गा बाबली घाडी.

आकांक्षा जमिनीवरच बसली. दुर्गा कोण?

लग्नात नाव बदलतात, हे काय तिला माहीत नव्हतं? चाळीतल्या निम्म्या बायकांची माहेरची नावं वेगळी होती. तेवढंच असतं तर ती हसली असती. पण जन्मतारीखही वेगळी होती. एक्याऐंशी. लग्नात नाव बदलतं, जन्मसाल कसं बदलेल? शेवंती धुरी अडुसष्ट सालची आणि दुर्गा घाडी एक्याऐंशीची, म्हणजे ह्या दोन बायका झाल्या. मग पोळ्या लाटायला गेलीय ती ह्यातली कोण? आणि माझ्या दाखल्यावर जिचं नाव आहे ती कोण? मला जन्म कोणी दिला? आता हसू येईल कोणाला, पण त्या पोरीला ते खरंच वाटत होतं. तिनं आरशात जाऊन आपलं नाक बघितलं. आईचंच होतं. तेवढ्यानं तिला थोडा धीर आला.

चारला आई आली. चप्पल काढता काढता तिची नजर पलंगाखाली गेली. पेटी तिरकी झाली होती.

"माझी पेटी कोणी काढल्यान?"

आकांक्षानं प्रमाणपत्र पुढं धरलं. "दुर्गा कोण, आई?"

आई उभीच राहिली. हाताला पीठ लागलेलं होतं, ते ती साडीला पुसत राहिली. आकांक्षाला वाटलं आता ओरडेल, एक ठेवून देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. आई हळूच खाली बसली आणि तिनं दार लोटून घे म्हणून खूण केली.

"मी," ती म्हणाली. "मी दुर्गा."

"आणि शेवंती?"

"तुझ्या बापाशीची पयली बायको."

मग आईनं सांगितलं. तिच्या बोलण्यात रडं नव्हतं, तक्रार नव्हती. शेवंती गावी गेली असताना काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. गावीच तिचं सगळं केलं, पण तिच्या मरणाची कुठं नोंद करायची हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. इथं मुंबईत रेशनकार्डावर शेवंती होतीच, खोलीच्या कागदावर होतीच. पाच वर्षांनी बाबांनी दुसरं लग्न केलं. आपल्यात लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात बोटानं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. बाबा ताट पुढं घेऊन बसले आणि आजीनं मागून सांगितलं, 'शेवंतीच लिव. रेशनकार्डार नाव आसाच. परत कोण कचेरीत खेटे घालतलो?'

"आणि बाबांनी लिहिलं?"

"लिवल्यानी. तुझो बापूस आयेच्या शब्दाभायर कधी होतो?"

"आणि तू? तू काही बोलली नाहीस?"

"माका इचारूक कोण इला? लोकांक वाटला, किती बरा, पयलीची आठवण ठेवल्यानी." आईनं साडीवरचं पीठ झटकलं. "पयली दोन वर्षां कोणी शेवंती म्हणून हाक मारली काय मी मागे बघी. वाटायचा, ती इली."

पुढचं आकांक्षानंच जोडलं. आधार काढायला गेले तेव्हा रेशनकार्डावरून नाव घेतलं, जन्मसाल घेतलं. मग बँक, मतदार यादी, पोरीचा दाखला, घराचा अर्ज. एका कागदावरून दुसरा झाला आणि आई आपली मेलेल्या बाईच्या नावानं जगत राहिली. कोणाला फसवायचं म्हणून नाही, आळसानं. निव्वळ कंटाळ्यानं! आकांक्षाला त्या न बघितलेल्या आजीचा असा संताप आला की समोर असती तर तिनं विचारलं असतं, एका कागदाचे खेटे वाचवायला तुम्ही अख्खी बाई पुसलीत?

"मी हे लिहिणार," ती म्हणाली. "हे सगळं लिहिणार."

आईनं तिचं मनगट धरलं. "नाय. आकांक्षा, नाय. घराची कागदा तपासतत. कोणी म्हटल्यान ही ती शेवंती न्हय, तर खोली जातली आणि घरय जातला. तुझ्या बापाशीन सोळा वर्षां त्या घराची वाट बघल्यान. शपथ घे."

आकांक्षानं शपथ घेतली.

आता पंचाईत बघा. खरं नाव लिहावं तर आईचं घर जातं. कागदावरचं लिहावं तर ते खोटं, आणि तिसरं शून्य टांगलेलं. तिनं दोन दिवस विचार केला. दुसऱ्या कोणावर लिहावं तर वेळ नाही, शिवाय सर विचारणार, आईचं काय झालं? शेवटी तिनं ठरवलं की सरांना कागद पाहिजेत ना, मग कागदांना जुळेल असंच लिहायचं. तिनं लेख उघडला आणि अडुसष्टच्या शेवंतीला जे जे बसत नव्हतं ते काढत गेली. रेल्वे काढली. दहावी काढली. भूमिती काढली, बासष्ट टक्के काढले. भोकं पडली तिथं वाक्यं भरली: 'त्या काळी मुलींना शाळेत कोण घालणार? शेवंतीबाईंना शिक्षणाची संधी मिळाली नाही.' लेख आता गुळगुळीत झाला. संशय घ्यायला कुठं जागा नाही. आधीच्या लेखातली दहावी कुठं गेली असं सरांनी विचारलंच, तर ऐकताना माझी गफलत झाली म्हणून सांगायचं. सॅम्युअल सरांनीच तिला शिकवलं होतं संशय कुठं येतो ते, आता तिनं तेच उलटं वापरलं.

द्यायच्या आधी तिनं लेख आईपुढं ठेवला. आईनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. एका ओळीवर तिचं बोट जरा थांबलं.

"बरा लिवलंस," ती म्हणाली आणि पीठ मळायला उठली.

आकांक्षाला बरं वाटलं नाही. पण काय करणार? तिनं आईला बजावलं, "फोन आला तर हो हो म्हणायचं. नाव शेवंती, जन्म अडुसष्ट, शाळा नाही. जास्त बोलायचं नाही. तो माणूस फार संशयी आहे."

"ठावक आसा माका," आई म्हणाली. "मीय काय कमी संशयी नाय."

फोन रविवारी दुपारी आला. आई नुकती जेवून बसली होती. अनोळखी नंबर बघून तिनं मोबाइल आकांक्षाकडे दिला, आकांक्षानं स्पीकर लावून परत आईच्या हातात कोंबला आणि समोर फतकल मारून बसली.

"नमस्कार. मी सॅम्युअल मिस्किटा, आकांक्षाचा शिक्षक. दोन मिनिटं बोलू का बाई?"

"बोला." आई बाहेरच्यांशी बोलताना जपून, शाळेतलं मराठी बोलायची.

"तुम्ही पोळीभाजी केंद्रात काम करता."

"हो."

"किती वर्षं?"

"अकरा."

"लेखात बारा आहे."

आकांक्षानं कपाळावर हात मारला. तिनं भराभरा खुणा केल्या, बारा, बारा म्हण.

"अकरा," आई म्हणाली. "माझं काम मला माहीत."

"बरोबर. अकरा करतो." कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. "पहिल्या लेखात दहावी होती, ह्यात लिहिलंय की तुम्ही शाळेत गेला नाहीत. बरोबर?"



आकांक्षा जोरजोरात मान हलवत होती, हो, हो म्हण. आई तिच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की आकांक्षाची मान आपोआप थांबली.

"बाई? ऐकू येतंय का? शाळेत गेला नाहीत, हे बरोबर का?"

"कोण म्हणतं?" आई म्हणाली.

"तुमची मुलगी."

"ती तेव्हा जन्मली नव्हती. मी दहावी पास आहे. बासष्ट टक्के. गणितात एकशे अकरा, दीडशेपैकी."

"आई!" आकांक्षा दबक्या आवाजात म्हणाली.

 पलीकडून सरांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुमचं नाव सांगता का? कागदावरचं राहू दे. तुम्ही लिहिता तसं सांगा."

आईनं आकांक्षाकडे पाठ केली. आपल्या पोरीला आपलं तोंड दिसू नये म्हणून ती भिंतीकडे वळली. वीस वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, आधारवाल्यानं नाही. खुद्द पोरीनंसुद्धा दुर्गा कोण म्हणून विचारलं होतं, चोर पकडल्यासारखं.

"दुर्गा," ती म्हणाली. "द ला पहिला उकार. ग ला काना, आणि काना दिला की त्यावर रफार. नीट लिहा."

"लिहिलं. मग शेवंती धुरी कोण?"

"माझ्या आधीची. सव्वीस वर्षं झाली तिला जाऊन. तिचं मरण कोणी लिहिलंच नाही, म्हणून ती माझ्या अंगावर राहिली."

सरांनी आणखी काही विचारलं नाही. थँक्यू म्हणाले आणि फोन ठेवला.

आकांक्षाला रडूच फुटलं. "तिसरं शून्य, आई! संपलं माझं! आणि घर? तूच शपथ घातलीस ना मला? मग?"

"घातलंय," आई म्हणाली. ती हसत होती, असं आकांक्षानं तिला कधी पाहिलं नव्हतं. "तुझो लेख वाचलंय तेव्हा वाटला, माझ्या पोरीन पण माका पुसल्यान. माझ्यासाठीच केलंस, ठावक आसा. पण सोसला नाय गो. शाळा तेवढी माझी होती." तिनं डोळे पुसले. "घराचा बघूया. उद्या दौलत भावजींका घेवन वकिलाकडे जातंय. आधी त्या बायचा मरान नोंदवक होया. ती तरी किती दिवस पोळ्या लाटतली?"

दौलतकाकांनी दुसऱ्या दिवशी आधी डोकं धरलं, मग तासभर बडबडले, मग चष्मा शोधला. वकील म्हणाला, वेळ लागेल, भानगड होईल, पण बायको तुम्हीच ना? मग घर का जाईल? वर्ष लागेल, कदाचित दोन. होईल असं तो म्हणाला नाही. बघू म्हणाला.

आणि सॅम्युअल सरांनी शून्य दिलं.

आकांक्षाला आशा होती. तिला वाटलं होतं एवढं सगळं ऐकून माणूस विरघळेल. पण सरांनी कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "नाव चुकलं. आणि तू ते चुकतंय हे माहीत असून लिहिलंस, ते जास्त वाईट." मग खालच्या आवाजात म्हणाले, "का लिहिलंस ते कळलं मला. मार्क त्याचे नसतात. जूनमध्ये ये परत, पहिल्या बाकावर बस."

जोॲना तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. म्हणाली, कसला माणूस आहे यार हा.  आकांक्षाला सरांचा राग आला होता, आईचा आला होता, आजीचा तर आलाच होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एक वर्ष गेलं. जोॲना पुढं जाणार आणि ती नव्या पोरांबरोबर परत फळ्यावरची तीच ओळ वाचणार.

घरी आई आली तेव्हा कागद पलंगावर पडला होता. आईनं उचलला. वरच्या कोपऱ्यात लाल शाईत भलंमोठं शून्य होतं. पहिल्या ओळीतल्या 'शेवंती'वर आडवी रेघ मारली होती आणि तिच्या डोक्यावर, सुवाच्य, अक्षर न् अक्षर सुटं करून सरांनी लिहिलं होतं: दुर्गा.

आईनं कागद खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघत राहिली. मग हातावरचं पीठ नीट पुसून तिनं त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं.

"रफार बरोबर दिल्यान हां मास्तरान," ती म्हणाली.

आकांक्षा उठली आणि तिनं आईला घट्ट मिठी मारली.